बिनगाडीचा कंडक्टर

हा नऊ इंचांचा माणूस नुसत्या स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही. टेबलावर ठेवाल तर मागच्या मागे कलंडेल. त्याला कमरेमागे एसटीच्या सीटची कड लागते आणि उजव्या गुडघ्याला बाकाची बाजू लागते. ही दोन टेकणं मिळाली की मग मात्र तो असा उभा राहतो, की पायांखालची सागवानी फळी आंबा घाटाच्या वळणावर झुकली आहे असंच वाटावं.

अंगात खाकी. छातीवर पितळी बिल्ला. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेलेला पट्टा आणि त्याला लोंबणारी चामड्याची पिशवी. डाव्या हातावर तिकिटांचा ट्रे. त्याच हाताच्या बोटांच्या बेचक्यांत लांबट घडी घातलेल्या नोटा, दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या. उजव्या हातात पंच, कानामागे बॉलपेन. मान किंचित उचललेली आणि नजर गाडीच्या मागच्या बाकांकडे. चेहरा फार बोलका नाही. तो बोलतो ते खांद्यांनी आणि गुडघ्याने.

ज्याचं हे शिल्प, तो माझा शाळेपासूनचा मित्र. सगळी नोकरी त्याने एसटीत कंडक्टर म्हणून केली, आणि त्यातली बरीचशी कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा ही गावं तो झोपेतही ओळीने म्हणेल. तो निवृत्त होणार तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देणारे पुष्कळ होते. मी चित्रकलेचा शिक्षक. मला त्याला हाताने केलेलं काही द्यायचं होतं, आणि ते असं हवं होतं की जे दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही.

आपल्याकडे पुतळे उभे राहतात ते नेत्यांचे, संतांचे, राजांचे. चौथऱ्यावर, छाती काढून, हात उंचावून. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर ही एसटीची पहिली गाडी सुटली, तेव्हा लक्ष्मण केवटे तिचे वाहक होते. तेव्हापासून कितीतरी माणसांनी हलत्या गाडीत उभं राहून आपलं आयुष्य काढलं. आधाराला हात न लावता उभं राहणं हे त्यांचं खरं कसब आहे, कारण दोन्ही हात तिकिटांत आणि पैशांत गुंतलेले असतात. प्रवासी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरूनही लडखडतो, आणि कंडक्टर तिथंच सुट्टे मोजत असतो. हे उभं राहणं कुणीतरी घडवून ठेवावं इतकं देखणं आहे असं मला कायम वाटत आलंय.

शिल्प शिकताना एक गोष्ट पहिल्यांदा सांगतात. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी पडतो. हा नियम पाळला की पुतळा उभा राहतो आणि पाहणाऱ्याचं मनही स्थिर होतं. कंडक्टरचा ओळंबा मात्र पायांच्या बाहेर पडतो. तो पडत असतो, आणि गाडी त्याला झेलत असते. सीटची कड आणि बाकाची बाजू हे त्याचे तिसरा आणि चौथा पाय. म्हणून शिल्पाची सुरुवात माणसापासून झालीच नाही, ती सीटपासून झाली. तांब्याची नळी वाकवून सीटच्या पाठीचा दांडा केला, त्याला रेक्झिनचा तुकडा चढवला, फळीवर पक्का बसवला. मग त्या सीटला टेकेल असा माणूस शोधायला घेतला.

त्याची हाडं ॲल्युमिनियमच्या तारेची आहेत. दोन मिलिमीटर जाडीची तार दुहेरी पिळून कणा आणि पाय, एकेरी हात, आणि वरून तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, म्हणजे वरच्या लेपाला पकड मिळते. छाती आणि पोटाच्या जागी ॲल्युमिनियम फॉइलचे घट्ट दाबलेले बोळे. या अवस्थेत त्याला ना डोकं होतं ना कपडे, नुसता पिळलेल्या तारांचा सापळा. पण कमर मागे टेकलेली, उजवा गुडघा पुढे दाबलेला आणि डावा पाय जरा मोकळा, बस्स, इतकं त्याच्यात आलं होतं.

वहिनींकडून मी मित्राचा एक जुना गणवेश मागून आणला होता, त्याला कळू न देता. शर्ट टेबलावर पसरला तर त्यात अर्धा मित्र सापडला. उजव्या खांद्यावरून छातीवर तिरपा एक पट्टा, जिथं कापड विरून जाळीसारखं झालेलं. पिशवीच्या पट्ट्याने वर्षानुवर्षं घासून केलेली ती वाट. सुट्ट्या पैशांनी भरलेली पिशवी जड असते, आणि ती रोज एकाच खांद्यावर. मग आठवलं, मित्राचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे. लहानपणी नव्हता. नोकरीने तो तसा घडवला. त्या सापळ्याचा उजवा खांदा मी तेवढाच खाली दाबला.

शर्ट परत न्यायला वहिनी आल्या, तेव्हा सापळा टेबलावरच होता. डोकं नव्हतंच. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आमचेच हाईत की!" त्या दिवशी हा माणूस खऱ्या अर्थाने जन्मला असं मी मानतो. चेहरा ही पुढची गोष्ट होती.

मातीचं सांगायला हवं, कारण या माणसाचा स्वभाव तिथून आलाय. माझा हात शाडूवर तयार झालेला. शाडू मोठी सोशिक. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, ती थांबते. उद्या या, परवा या, पाण्याचा हात लावला की पुन्हा मऊ. त्यामुळे आधी शाडूचा कच्चा नमुना केला, फक्त भार कुठून कुठे जातो ते पाहायला. पण शाडू सुकताना आकसते आणि आतली तार आकसत नाही. म्हणून तारेवरची पातळ मनगटं आणि बोटं तडकतात. आणि हा माणूस तर घरात, मुलाबाळांच्या हातांत राहणार होता. तेव्हा पक्का माणूस इपॉक्सी पुटीचा करायचा ठरवला. गळका पाइप बुजवायला प्लंबर जे एम-सील वापरतात, तेच.

तिचे दोन रंगांचे दोन गोळे समसमान घेऊन एकजीव होईपर्यंत मळायचे. मळताना गोळा बोटांना किंचित गरम लागतो. आणि तिथून घड्याळ सुरू होतं. पहिली काही मिनिटं ती चिकट असते, हातमोज्यांना सोडत नाही. मग अर्धा-पाऊण तास ती ऐकते. त्यानंतर ऐकत नाही. बाही दुमडायची असेल, सुरकुती काढायची असेल तर ती याच वेळात. पाण्यात बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत करायचं, दाभणाने शिवण ओढायची, जुना टूथब्रश हलकेच दाबून खाकीचं जाडंभरडं कापड उमटवायचं. घट्ट झाल्यावर मात्र ती दगड होते. कानशीने घासा, ब्लेडने कोरा, भोक पाडा, पण वाकवू नका. या कंडक्टरमध्ये जो ठामपणा दिसतो, तो थोडा मित्राचा आहे आणि थोडा या पुटीचा. डबल बेल वाजली की वाजली.

कपड्याच्या चुण्यांचा मला विशेष लोभ आहे. चुणी कुठूनही सुरू होत नाही; ती ताणाच्या जागेपासून निघते आणि दुसऱ्या ताणाकडे जाते. काखेपासून कोपराकडे. दाबलेल्या गुडघ्यापासून मांडीवर. पट्टा जिथं खांदा दाबतो तिथून दोन्ही बाजूंना. माणूस कसा उभा आहे ते झाकलेलं असतानाही चुण्या सांगून टाकतात. सासवण्याला, अलिबागजवळ, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी आता संग्रहालय आहे. तिथली सिमेंटची म्हैस मी पाहिली आहे. म्हशीला कपडे नाहीत, पण कातडीचा पसारा आणि जमिनीवर टेकलेलं तिचं जडपण पाहताना सिमेंट विसरायला होतं. पुण्याचा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडवणारा हा माणूस, म्हशीच्या अंगातलं वजनही तितक्याच आस्थेने शोधत बसला. साध्या जीवाचं शिल्प करणाऱ्याला ही म्हैस धीर देते.

ट्रे द्यायचा की मशीन, यावर मी खूप विचार केला. मित्राने दोन्ही वापरलं. नोकरीच्या पहिल्या काळात लाकडी ट्रे, त्यात किमतीप्रमाणे लावलेल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, आणि पंचची टिक्-टिक्. गर्दीत कुणाचं लक्ष नसेल तर सीटच्या दांड्यावर तोच पंच वाजवायचा. पुढे तिकिटाचं मशीन आलं. काम सोपं झालं, हिशेब सोपा झाला, आणि ते चांगलंच झालं. पण मशीनवाल्या कंडक्टरची मान खाली असते, त्याला बटणं पाहावी लागतात. ट्रेवाल्याची बोटं न पाहता योग्य गड्डीवर जातात, त्यामुळे त्याची नजर मोकळी असते. तो माणसांकडे पाहतो. मला माझा मित्र पाहणारा हवा होता. ट्रे ठरला.

ट्रेमधली तिकिटं खरी आहेत. माझ्या एका जुन्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेली दोन-तीन तिकिटं होती, पातळ कागदाची, रंग उतरलेली. ती कापून, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे तुकडे करून, चिमट्याने ट्रेत लावली. भिंगातून पाहिलं तर कुठं अर्धं अक्षर दिसतं, कुठं छापील रेघ.

चेहऱ्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची धरतात, म्हणजे इथं डोकं जेमतेम सव्वा इंचाचं. एवढ्याशा जागेत डोळ्याचं बुबुळ कोरलं तर ते बटबटीत दिसतं. म्हणून डोळे कोरले नाहीत. भुवईखालची खाच जरा खोल केली, सावलीने डोळा केला. मिशी केली, कारण मिशीशिवाय तो नाहीच. हात मात्र प्रमाणापेक्षा किंचित मोठे ठेवले. कंडक्टरचे हात मोठे दिसले तरी चालतात, गाडीतल्या प्रत्येकाचा त्यांच्याशी संबंध येतो. खाकी रंग डबीतून तयार घेतला नाही. पिवडीत थोडा गडद तपकिरी, थोडा पांढरा, आणि खांद्यावरच्या त्या विरलेल्या तिरप्या पट्ट्यात पांढरा जरा जास्त.

निवृत्तीनंतरच्या रविवारी हा कंडक्टर घेऊन मी मित्राच्या घरी गेलो. मित्राने खोक्यातून काढून त्याला खिडकीत ठेवलं, चष्मा चढवला, समोर बसला. चेहऱ्याबद्दल काही बोलला नाही. बिल्ल्यावर बोट फिरवलं, पिशवीचं बक्कल पाहिलं, मग मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. आणि एकदम म्हणाला, "गाडी साखरप्याकडं उतराय लागल्या की रं ही!"

मला हे ठाऊक नव्हतं. त्याने उठून दाखवलं. दाराच्या चौकटीला कंबर लावली. ड्रायव्हरकडे पाठ करून उभं राहिलं की घाट उतरताना प्रत्येक ब्रेकला अंग ड्रायव्हरच्या बाजूला ढकललं जातं, म्हणजे मागे. म्हणून कमरेमागची सीट लागते. चढताना उलट होतं. अंग मागच्या बाकांकडे ओढलं जातं, तेव्हा कंबर सुटते आणि पुढच्या मांडीवर सगळा भार येतो. "चढाला असा हुबा ऱ्हाणार न्हाई त्यो," मित्र म्हणाला. मी त्याच्या असंख्य उभं राहण्यांमधून डोळ्यांना रुचलेलं एक निवडलं होतं, आणि त्याने त्यावरून दिशा ओळखली, गाव ओळखलं.

मग त्याचा प्रश्न आला. हा बघतोय कुणाकडं? मी म्हटलं, प्रवाशाकडे. कुठल्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याच्याकडे होतं. मान एवढी उचललेली, पंच थांबलेला, चेहऱ्यावर घाई नाही; म्हणजे कुणीतरी पैसे काढतंय आणि हा थांबलाय. असं थांबायचं ते म्हाताऱ्या बायांसाठी. पदराची गाठ सुटत नाही, गाडी हलत असते, आणि मागून कुणी ओरडलं तरी तेवढा वेळ द्यायचाच. मी म्हटलं, मग तिच्या पायाशी फणस ठेवूया. तो म्हणाला, उतरत्या गाडीत फणस कशाला येईल? फणस कोकणातनं वर येतो. खाली जाताना कोल्हापूरचा गूळ असतो. पोत्यात बांधलेली ढेप, दोन पायांच्या मध्ये धरलेली, घरंगळू नये म्हणून.

तर आता ती म्हातारी घडते आहे. तिचा सापळा बसका आहे, दोन्ही टाचा ढेपेला लावलेल्या. ढेप आणि पोतं पुटीतून सहज निघालं. पदराची गाठ मात्र पुटीत जाडी होते, म्हणून पातळ मलमलीचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, गाठ मारून, अर्धी सुटलेली असतानाच वाळवून पाहतो आहे. मित्र अधूनमधून येतो, गाठ पाहतो, आणि अजून घट्ट हवी म्हणतो.