बॅलार्ड पिअरपर्यंत

पातूरला समुद्र नाही, हे सांगायला नको. आमच्याकडे रेणुकेची टेकडी आहे, डोंगरात कोरलेली लेणी आहेत, आणि पावसाळा बरा झाला तर नदीला पाणीही असते. अशा गावात वीस वर्षे मी मुलांना फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढून दाखवत आलो. खरा समुद्र पाहिला तो गेल्या मार्चात, आणि तोही मनाविरुद्ध. भाच्याला जहाजावर पोचवायला जावे लागले म्हणून.

भाचा म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. वडील लवकर गेले, तेव्हा तो आमच्याच घरी वाढला. पुढे पदवीधर झाला. मी स्वतः मॅट्रिकवर थांबलेला माणूस. त्यामुळे त्या पदवीचा अभिमान त्याच्यापेक्षा मलाच अधिक. आणि एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "मामा, मले जहाजावर नोकरी लागली. भटारखान्यात."

भांडी घासायची, कांदे सोलायचे. हौशी प्रवाशांना घेऊन जहाज मुंबईहून गोव्याला, कोचीला जाणार. नऊ महिन्यांचा करार. पुढे नशिबाने साथ दिली तर कॅरिबियन समुद्रातल्या मोठ्या जहाजावर. मी ताटावरून उठलो. त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

माय मात्र त्याला खोदून खोदून विचारी. "हे तुहं कॅरिबियन हाय तरी कुठी?"

"वेस्ट इंडीज, आजी."

"हां, ते किरकेटवाले!" आणि तिचे समाधान झाले.

कोलंबस १४९२ साली हिंदुस्थानची वाट शोधत निघाला आणि भलत्याच बेटांना जाऊन लागला, हा धडा मी किती वेळा शिकवला असेन! वाट चुकलेल्या माणसाने दिलेले नाव पाचशे वर्षे टिकले. आता हिंदुस्थानातला खराखुरा माणूस तिकडे जायचे म्हणत होता, आणि तो माझ्याच घरातला, हातात परात घेऊन.

पातूरहून एस. टी.ने अकोला, अकोल्याहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस. सकाळी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. त्याला बंदरावर दुपारी दोनला हजर व्हायचे होते. सामान ठेवून घेतले, चहा झाला, आणि आता काय करायचे हा प्रश्न पडला. अबोला धरलेल्या दोन माणसांना सहा तास फार मोठे असतात.

"चला मामा, फोर्ट पाहू," तोच म्हणाला.

आमच्या बाळापूरला किल्ला आहे, त्यामुळे किल्ला म्हटला की तट-बुरूज डोळ्यांपुढे येतात. इथे तट शोधूनही सापडायचा नाही. इंग्रजांनी बांधलेला हा कोट त्यांनीच १८६० नंतर, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडला. त्याच्या एका दरवाजाचे नाव तेवढे चर्चगेट स्टेशनाला चिकटून राहिले आहे. हुतात्मा चौकात आम्ही दोघेही नकळत थांबलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे गेले, त्यांच्यापुढे वऱ्हाडच्या माणसाने थांबायचे नाही तर कोणी?

पुढे राजाबाई टॉवर. मास्तरकी सुटत नाही. मी बोलू लागलो. २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झाला, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावासाठी पैसा दिला. तो पैसा कापसाचा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली; मग वऱ्हाडच्या गाठी थेट या बंदरावर येऊ लागल्या. लढाई संपली तसे भाव मात्र कोसळले होते. मुंबईतली मोठमोठी घरे बुडाली. त्यात प्रेमचंदही होते. (ते सावरले. आमच्याकडचे सगळेच सावरत नाहीत.)

हॉर्निमन सर्कलची बाग दाखवून मी म्हटले, "जुन्या काळी इथल्या मैदानावर कापसाच्या गाठी रचून ठेवत."

तो बराच वेळ बागेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, आपला कापूस सारा इकडंच येत होता ना? मंग मी आलो त काय झालं?"

मला उत्तर सुचले नाही. आमची पाच एकर कोरडवाहू. तिचा हिशेब गेली चार वर्षे तोच लिहीत होता; मी कादंबऱ्या लिहीत होतो.

समोर टाउन हॉल. १८३३ सालची इमारत, पुढे उंच खांब आणि तीस पायऱ्या. तिथे सावलीत बसून आम्ही मायने दिलेल्या भाकरी सोडल्या. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथे जावी लागते, असे मी सांगितले. "म्हणजे तुमची कादंबरी इथी असन!" त्याने उठून आत जायचा हट्ट धरला. मी नको म्हटले. प्रकाशकाने प्रत धाडली नसती तर?

तिथून बॅलार्ड इस्टेट पायी जवळच आहे. गोदीसाठी खणलेल्या मातीच्या भरावावर उभ्या केलेल्या त्या दगडी इमारती एकसारख्या, गंभीर; रस्ते सावलीचे. बंदराच्या फाटकापाशी जाताच त्याचा चेहरा लहान झाला. आत फक्त त्याला सोडणार होते. त्याने पिशवीतून ठेच्याची बरणी काढून माझ्या हाती दिली. "घरचं खाण्याचं आत नेऊ देत नाही म्हणते. आजीले सांगू नका." मग वाकून पाया पडला.

महिनाभर साठवलेले पुष्कळ बोलायचे होते. मी म्हटले, "पोचल्यावर फोन कर."

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी अपोलो बंदरावर गेटवेच्या कठड्याशी उभा राहिलो. समुद्र निळा नव्हता. मळकट, हिरवट होता. अंधार पडता पडता एक जहाज दिव्यांनी लखलखत निघाले. त्याचेच असावे. मजल्यांवर माणसे हात हलवत होती. मीही हलवला, पण भटारखाना खाली असतो, तिथे खिडकी कुठली?

घरी पोचलो तेव्हा माय ओसरीवरच बसली होती.

"ठेचा नेला त्यानं?"

"नेला," मी म्हटले, आणि पिशवी न उघडता आत नेऊन ठेवली.