एकच जू

देवणीच्या माणसाला एखादी गोष्ट पटवायची, तर ती बैलावरून पटवावी! काळ्या-पांढऱ्या रंगाच्या देवणी जनावरांनी आमच्या गावाचे नाव दूरवर नेले आहे. तेव्हा मंडळीचा ख्रिस्ताशी असलेला संयोग हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला अवघड विचार मी जुवावरून समजून घेतला, तर वाचकांनी हसू नये. मंडळी म्हणजे देवळाची इमारत नव्हे; श्रद्धावंतांचा सारा समुदाय.

आपले जू मानेवर घ्या, असे येशूचे सांगणे होते. आमच्याकडे नवा खोंड कसलेल्या बैलाशेजारी जुंपतात. ओढ दोघांची, नांगराचे तास एकच. पण खोंड काही बैलात विरघळून जात नाही. मला वाटते, गोम इथेच आहे. आपल्या अद्वैतात थेंब सागराला मिळाला की थेंब म्हणून उरत नाही. इथे भक्त भक्तच राहतो, ख्रिस्त ख्रिस्तच राहतो आणि तरी दोघांचे जीवन एक होते. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानात द्राक्षवेल आणि फांद्या येतात. पौलाच्या नावाच्या पत्रांत मस्तक आणि शरीर, वर आणि वधू.

वधूचा होकार मात्र तिचा स्वतःचा हवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. मधली वर्षे ताटातुटीची आणि अश्रूंची गेली. स्वतःचे मन वळले, तेव्हाच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ओढून आणलेल्या माणसाच्या हातून असे काम होते का?

पण हा संयोग फक्त मी आणि माझा देव एवढ्यापुरता नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सुखवस्तू माणसे आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांच्यावर चिडला. त्याच पत्रात त्याने शरीराचा दाखला दिला : बोट ठेचले की कळ साऱ्या अंगाला जाते. पंगत वेगळी मांडण्याची कला आपल्याला काही नवी नाही. जात आपल्याकडच्या चर्चमध्येही शिरलीच. अशा वेळी तो दाखला फार टोचतो. मस्तकाशी नाते सांगायचे आणि हाताला पानावरून उठवायचे, याला संयोग कसे म्हणावे?