अब्बा, एक दात चुकलाय

अब्बांना मी आयुष्यात एकदाच तोंडावर म्हणालो, "तुमच्याकडून चूक झालीय." तेही गॅरेजमध्ये, दोन गिऱ्हाइकं आणि चहावाला पोऱ्या समोर उभे असताना.

गाडी माझीच, २००१ची होंडा सिटी व्हीटेक, सेकंड हँड घेतलेली. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. काट्याकडे माझं लक्ष गेलं तोवर इंजिन उकळलं होतं आणि हेड गॅस्केट गेलं होतं. अब्बांनी हेड उतरवलं, मी ते शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये फेसिंगला टाकलं. दोन तासांत चकचकीत होऊन आलं. किती घासलं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मी क्वालिटीचं काम करतो. दिवसभर कास्टिंग मोजतो, पण स्वतःच्या गाडीचं हेड मोजलं नाही.

अब्बांनी इंजिन बसवलं. गाडी चालू झाली, गरम होईना, पण पिकअप गेला. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला दम लागायचा. मी टायमिंग बेल्टचं वरचं कव्हर काढून पाहिलं. या इंजिनात कॅमच्या गिअरवर 'अप' असं लिहिलेलं असतं. पहिला पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वर असताना, ते अक्षर वर हवं आणि गिअरवरच्या दोन बारीक रेषा हेडच्या पातळीशी जुळायला हव्यात. माझ्या रेषा जुळत नव्हत्या. केसभर मागे होत्या.

"अब्बा, एक दात चुकलाय."

अब्बांना या कामात चाळीस वर्षं झालीत. त्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. ते काही बोलले नाहीत. बॅटरी घेऊन बेल्ट पुन्हा काढला, पुन्हा बसवला. रेषा तिथंच. तिसऱ्यांदाही तिथंच. मग हात पुसत म्हणाले, "असेल बाबा. नजर गेली आता." दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. जुमा नव्हता, सणही नव्हता. रात्री अम्मी मला एवढंच म्हणाली, "ते शटर भाड्यानं द्यायचं म्हणतायत."

मी मात्र मोबाइलवर ॲडजस्टेबल कॅम गिअर बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर ती हौस जुनीच होती. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या रेसिंगवाल्या पोरांच्या गाड्यांत निळे-लाल गिअर पाहिले होते, तेव्हापासूनची. हा गिअर दोन भागांचा असतो. आतला हब चावीनं कॅमवर पक्का बसतो, बाहेरची दातांची रिंग त्याच्यावर बोल्टनं आवळलेली असते. बोल्ट सैल केले की हब आणि रिंग एकमेकांवर थोडे फिरतात आणि कॅम काही अंश पुढे-मागे करता येतो. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो, खालच्या स्पीडला जोर वाढतो. मागे घेतला तर वरच्या स्पीडला.

गिअरवरचे अंश म्हणजे किती, हे समजून घेताना कागदावर आकडेमोड केली आणि लाजलो. कॅमच्या गिअरचा घेर साधारण छत्तीस सेंटिमीटर. म्हणजे कडेवरचा एक मिलिमीटर म्हणजे कॅमचा एक अंश. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो, म्हणून क्रँकचे दोन अंश. आणि एक दात? तो कॅमचे नऊ-दहा अंश, कडेवर जवळजवळ एक सेंटिमीटर. माझी रेषा फार तर एक मिलिमीटर मागे होती. दात चुकला असता तर खूण बोटाच्या रुंदीएवढी सरकली असती, ती बघायला चष्माही लागला नसता.

मग तो मिलिमीटर आला कुठून? हेडमधून. हेड घासलं की कॅम तेवढाच खाली, क्रँकच्या जवळ येतो. बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड होते आणि कॅम मागे पडतो. होंडाच्या मॅन्युअलमध्ये या हेडला घासायची मर्यादा ०.२ मिलिमीटर आहे. आमचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. काही आधीच्या मालकाच्या वेळचं असेल, काही माझ्या त्या दोन तासांतलं. बेल्ट दहा वेळा बसवला असता तरी रेषा जुळल्या नसत्या, कारण एका दातापेक्षा बारीक सुधारणा बेल्ट करूच शकत नाही. ती असा गिअर करतो.

अब्बांना कागद दाखवला. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. "मागव," म्हणाले.

निवडताना तीन गोष्टी कळल्या. नुसतं 'सिटीचा' म्हणून मागवू नका. २००३ नंतरच्या सिटीत बेल्टच नाही, चेन आहे. ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचा. दुसरं, ॲल्युमिनियमचे दात हार्ड ॲनोडाइज केलेले हवेत. नुसता रंग असेल तर आपल्या धुळीत बेल्ट ते खाऊन टाकतो. तिसरं म्हणजे बोल्ट. दोन भाग त्यांच्याच आवळण्यावर अवलंबून, तेच घसरले तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडेल. हे इंजिन माफ करणाऱ्यांपैकी नाही. तीन हजारांचा एक गिअर हातात घेऊन पाहिला होता, त्याच्या बोल्टांची भोकंच सैल होती. शेवटी दुबईच्या मावसभावाकडून जरा महागाचा मागवला. आला तेव्हा अब्बांनी जुना गिअर त्याच्यावर ठेवला, चावीच्या खाचा जुळवल्या आणि दोन्हींच्या रेषा ताडून पाहिल्या. बनवणाऱ्याचं शून्य खरंच शून्य आहे का, ते बघायला. मला हे सुचलं नसतं.

बसवलं शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर. डावं पुढचं चाक काढलं, तिथून क्रँकचा बोल्ट हाती येतो. हे इंजिन पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, सवयीनं सुलट फिरवू नये. टीडीसी शोधताना अब्बा पुलीच्या खुणेवर विसंबले नाहीत. प्लगच्या भोकात सायकलची तार सोडली. वर पोचलेला पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, नेमका माथा हाताला कळत नाही. म्हणून त्यांनी चढताना तारेवर एक खूण ठरवली, तार त्या खुणेवर असताना पुलीवर रेघ मारली, उतरताना तार पुन्हा त्याच खुणेवर आली तेव्हा दुसरी रेघ मारली, आणि दोन रेघांचा मध्य काढला. ऑपरेशन झालेल्या एका डोळ्यानं. मी नंतर डायल लावून पाहिलं, फरक नव्हता.

टेन्शनर सैल करून बेल्ट कॅमवरून उतरवला, गिअर बदलला, कॅम एक अंश पुढे घेतला. रेषा जुळल्या. टेन्शनर पुन्हा ताणला. मी चावी फिरवायला बसणार तोच अब्बांनी हात धरला. आधी पान्यानं दोन पूर्ण फेरे. घासलेल्या हेडमुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढेच जवळ आलेत, कॅम पुढे घेतला की इनटेक आणखी जवळ येतो. कुठं अडलं तर पान्याला कळतं, स्टार्टरला कळत नाही.

पहिली चाचणी फुकट गेली, चूक माझी. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकावर असतो, कॅम हलवला की स्पार्कही हलतो. हेड बसवलं तेव्हा आमचा टायमिंग लाइट बिघडलेला होता आणि डिस्ट्रिब्युटर जुन्या खुणेवर ठेवला होता, म्हणजे स्पार्कही दोन अंश मागे. गेलेल्या पिकअपमधला मोठा वाटा बहुधा त्याचाच. लाइट उसना आणला. नंतर दर वेळी कॅम हलवल्यावर स्पार्क जागेवर आणला, मगच पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, शेजारी अब्बा घड्याळ घेऊन. जुळलेल्या रेषांपासून आणखी दोन अंश पुढे घेतलं तर खालून ओढ छान, पण चढावर खडखड यायला लागली. घासलेल्या हेडनं कंप्रेशन आधीच वाढलेलं, त्यात ही भर. दोन मागे घेतलं तर वर गाडी उडायची आणि चढावर रडायची. एक अंश पुढे, तिथं थांबलो. माझ्या रेसच्या स्वप्नातून एवढंच निघालं. एकाच कॅमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्रच हलतात, फार चमत्काराची आशा करू नये.

बोल्ट टॉर्क पान्यानं आवळल्यावर अब्बांनी अम्मीची नेलपॉलिशची बाटली मागवली आणि हब ते रिंग एक लाल रेघ ओढली. घसरला तर रेघ तुटलेली दिसेल. पाचशे किलोमीटरनं कव्हर काढलं. रेघ अखंड होती.

शटर भाड्यानं द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. मला अजून नीट माफी मागता आलेली नाही. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या एस्टीमचं हेड फेसिंगला न्यायचं होतं. अब्बांनी माझ्या हातात व्हर्नियर ठेवला आणि म्हणाले, "नेताना मोज, आणताना मोज."