प्लगचा रंग

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल पुरतंय की कमी पडतंय, हे प्लग सांगतो. मात्र त्याला विचारायची एक रीत आहे. नवा प्लग बसवायचा, गाडी पूर्ण थ्रॉटलवर ताणायची आणि ताणलेली असतानाच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा. मग ती घरंगळत जाऊन आपोआप थांबू द्यायची. इंजिन चालू ठेवून हळूहळू परत आणली, तर आयडलिंगची काजळी प्लगवर बसते आणि खरी साक्ष पुसली जाते. प्लग काढून भिंगातून आत, चिनीमातीच्या पार बुडाशी बघायचं. तिथं बारीक तपकिरी कडं उमटलं असेल तर मिश्रण जमलं. कडं काळं आणि रुंद असेल तर कार्ब्युरेटरमधला, पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर खाली. पांढरंफटक असेल तर एक नंबर वर. आणि त्या पांढऱ्यावर बारीक चकाकणारे ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. तिथून पुढं गाडी चालवायची नाही, हेड उघडायचं.

विश्रांतवाडीत, आळंदी रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. दिवसभर ऑइल बदलणं, ब्रेक-शू, क्लच-प्लेट, स्कूटरचे बेल्ट. घर त्यावर चालतं. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की ड्रॅग शर्यतीची गाडी स्टँडवर चढते. टीम म्हणावी तर आम्ही तिघं: एक रायडर, भोसरी एमआयडीसीत लेथ चालवणारा मित्र आणि मी. गाडी आरएक्स १००. एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून यामाहाची ही गाडी १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. एक्झॉस्ट पोर्ट कोरताना अर्धा मिलिमीटर वर गेलं की टॉपला ताकद मिळते आणि खालची जाते. किती द्यायचं आणि किती राखायचं, हे आकड्यांनी अर्धंच कळतं, उरलेलं हाताला कळावं लागतं.

आणि हात तयार होतो तो रन मारून. ड्रॅगमध्ये उभ्या गाडीनं सरळ रेषेत ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, जायचं असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ॲक्सिलरेटर पिळला की झालं. पण पहिल्या ६० फुटांतच बरंचसं ठरतं. मागचं टायर फिरत राहिलं तर वेळ गेला, पुढचं चाक उचललं तर थ्रॉटल सोडावा लागतो, दोन्हींच्या मधे क्लच किती वेगानं सुटला त्यावर सारं. शेवटी हातात स्लिप येते, तीवर टप्प्याटप्प्याचा वेळ छापलेला असतो. स्लिप आणि प्लग शेजारी ठेवले की गाडी बोलायला लागते. ६० फुटांचा वेळ चांगला, पण शेवटचा वेग पडलेला, प्लग पांढरा: इंजिनाला वर पेट्रोल पुरत नाही. वेग चांगला, पण ६० फूट सुस्त: पुढचं किंवा मागचं स्प्रॉकेट एका दातानं बदलून बघा. मग पुन्हा रन, पुन्हा स्लिप. हीच आमची शाळा, आणि तिचे तास कमी होत चाललेत.

पूर्वी पुण्यातले बरेच मेकॅनिक ही तपासणी रस्त्यावर करायचे. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर. मी ते करत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांनाही करू देत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती जागा माझ्या गॅरेजपासून फार लांब नाही. त्यानंतर रस्त्यावर वेग तपासायची गोष्ट कुणी माझ्यासमोर काढली, की मी त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पूर्वी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनं शिक्षा ५,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी झाली, दुसऱ्यांदा सापडलं तर १०,००० किंवा वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. माझ्या मते हा दंड योग्यच आहे. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५,००० दंड, तोही योग्य.

अडचण दुसऱ्या कलमात आहे. त्याच दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ म्हणतं की मालकानं गाडीत फेरफार केला तर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं होतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. आवाजाचे वेगळे, १०,००० पर्यंत. आता आमची गाडी बघा: कार्ब्युरेटर मोठा, सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर, स्प्रॉकेट बदललेलं, हँडल खाली घेतलेलं, हेडलाइट काढलेला. ही गाडी रस्त्यासाठी नाहीच. पण रस्त्यासाठी नसलेली गाडी कुठं चालवायची याची सोय या कायद्याबरोबर आली नाही. गल्लीतून चौकापर्यंत ढकलत न्यायची म्हटली तरी मनात धाकधूक असते, म्हणून गॅरेजच्या दारातच ती छोटा हत्ती टेम्पोत चढते आणि रेसच्या मैदानावरच उतरते. टेम्पोचं भाडं हा आता इंजिनाइतकाच पक्का खर्च आहे.

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा होत, तेव्हा पुण्याच्या गॅरेजवाल्यांना मोठा आधार वाटायचा. लोणावळ्यापलीकडे घाट चढला की झालं. एरवी मोटरसायकल ड्रॅगचं राष्ट्रीय पातळीवरचं ठिकाण म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. पुण्याहून जवळपास १,२०० किलोमीटर. टेम्पो, डिझेल, टोल, तिघांची राहण्याची सोय, रायडरचं वर्षाचं लायसन्स, प्रवेश फी, सूट-बूट-ग्लोव्ह्ज. इंजिनाला हात लागण्याआधी खिशातले बरेचसे पैसे संपलेले असतात.

त्यात हवा बदलते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. चेन्नईला हवा सहाएक टक्के दाट, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि तिला जास्त पेट्रोल लागतं. तिथला उकाडा आणि दमटपणा त्यातला थोडा हिस्सा परत घेतात. गणितानं अंदाज बांधता येतो, शेवटचा निर्णय प्लगचाच. शनिवारी सरावात मोजके रन मिळतात. मोठी टीम दुसरं इंजिन, लॅपटॉप, डेटा घेऊन आलेली असते. बेंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला, त्याच्या मंत्रा रेसिंगची तयारी बघण्यासारखी असते. मी ती मनापासून बघतो आणि शिकतो. पण त्यांच्यासाठी शनिवार म्हणजे उजळणी, आमच्यासाठी तोच पहिला धडा.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलही बदललं. २०२५ पासून पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊ भागच. २० टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर तेच इंजिन उपाशी पडतं, तापतं, आणि टू-स्ट्रोक तापला की पिस्टन सिलिंडरला पकडतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल मी रेसच्या गाडीत वापरत नाही, काढून टाकतो. कार्ब्युरेटरची रबरं वरचेवर बदलतो. आमची वर्षानुवर्षांची जेटची वही नव्यानं लिहायला घ्यावी लागली, आणि तेवढे रन मारायला जागा नव्हती. मग डायनो. तासाच्या भाड्यानं मिळतो, रोलरवर गाडी बांधून ताकद मोजतो. उपयोगी यंत्र आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण उभ्या गाडीला ६० फूट कळत नाहीत, आणि समोरून येणारी हवाही लागत नाही.

सुट्या भागांचं म्हणाल तर थोडं वर, थोडं खाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नाना पेठेतल्या बिलात फरक दिसला आणि बरं वाटलं. पण चांगली रिंग, रीड, चेन, चिकट टायर बाहेरून येतात. २०१४ मध्ये साठीच्या आसपास असलेला डॉलर २०२५ अखेर नव्वदीला टेकला. आरएक्स १०० म्हणाल तर नीट कागदांच्या जुन्या गाडीलासुद्धा लाखाच्या वर मागतात. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलची नोंदणी पुढं चालू ठेवायची फी २,००० रुपये झाली. म्हणून एक पिस्टन फुटला की आम्ही तिघं कागद-पेन घेऊन बसतो आणि पुढच्या रेसला जायचं की नाही हे ठरवतो.

अशा वेळी मैदानातला दंड सगळ्यात जिव्हारी लागतो. सुरुवातीच्या खांबावरचे पिवळे दिवे उतरतात, हिरवा लागायच्या क्षणभर आधी चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणाबाहेर सरकतं आणि लाल दिवा लागतो. रन बाद. त्यावर माझी तक्रार नाही, नियम सर्वांना सारखा आहे. पण पहिल्या फेरीत लाल दिवा लागला की १,२०० किलोमीटरचा प्रवास तिथंच संपतो. आमचा रायडर गेल्या खेपेला हेल्मेट न काढता बराच वेळ बसून राहिला. "दादा, अजून चार रन मिळाले असते तर हात बसला असता," एवढंच म्हणाला. त्याचं खरं होतं.

दंडही ठेवायचा आणि जागाही द्यायची, याचं उदाहरण जवळच आहे. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे बैलगाडा घाटातून, म्हणजे शर्यतीच्या पट्टीवरून, पळतो तो सरळच, आणि त्याचीही वेळ सेकंदांत मोजतात. २०१४ साली न्यायालयानं ती शर्यत थांबवली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी आली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं या शर्यतीला मुभा देणारा राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत बैल सांभाळणाऱ्यांनी काय सोसलं ते त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून निघालं ते असं: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नियम, आणि मोडले तर जबर शिक्षा. दंड आहे आणि घाटही आहे. अमेरिकेत १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ड्रॅगची संघटना काढली ती पोरांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर न्यायलाच, आणि १९५४ मध्ये गावोगाव फिरून रीतसर शर्यत कशी घ्यायची हे शिकवणाऱ्या पथकाचा प्रमुख होता बड कून्स, पोमोनाच्या पोलिसांतला सार्जंट.

आम्हाला हवंय ते फार मोठं नाही. पुण्यापासून दोन-तीन तासांवर, महिन्यातून एक रविवार, पाव मैल डांबर आणि गाडी थांबवायला पुढं तेवढीच मोकळी जागा. दारात गाडी आणि हेल्मेट तपासणारा माणूस, उभी ॲम्ब्युलन्स, वेळ मोजायचं यंत्र. फी लावा, आम्ही भरू. डायनोचं भाडं आणि चेन्नईची एक फेरी वाचली तर त्यात ती निघते. सकाळी थंड हवेत पहिला रन, दुपारी उन्हात चौथा-पाचवा, प्रत्येक रननंतर प्लग काढून वहीत नोंद. असे दोन रविवार मिळाले, तर वीस टक्के इथेनॉलवरचं या गाडीचं जेटिंग मी पक्कं बसवून देईन, आणि रायडरला क्लच सोडायचा सराव होईल तो वेगळाच.