गाव कोणतं?

धान कापणीच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ लंगडायला लागला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बांधीत पाय मुरगळला असेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. आईचा पुण्याला फोन आला, "बाबू, डॉक्टर म्हणते काही नाही. पण पोरगा रातभर झोपत नाही. तू पाय ना फोटो."

व्हॉट्सॲपवर आलेला एक्स-रे मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, हाडांतलं मला काय कळणार? तरी भावाला फोन करून ऐकवलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे. आळस सोड, थोडा चालत जा." तो "हो दादा" म्हणाला. आणि खरंच रोज चालायला लागला.

पाच महिन्यांनी त्याला मांडी घालून बसता येईना, तेव्हा मी रजा टाकून आरमोरीला आलो. पहाटेच्या एसटीनं वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत आम्ही नागपूरला पोचलो. तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "गाव कोणतं?" आरमोरी म्हटल्यावर पुढचे प्रश्न भराभर आले. लहानपणी कावीळ व्हायची का? अंग ठणकायचं का? रक्ताची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? मग त्यांनी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या: रक्त तपासणी आणि दोन्ही खुब्यांचा एमआरआय.

तांब्याचा ताईत काढताना आई कुरकुरली. भाऊ आत गेला आणि यंत्राची ठकठक बाहेरपर्यंत ऐकू येत राहिली.

रक्तात सिकलसेल निघाला, एसएस. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. त्या तुंबल्या की हाड आतून मरतं. एक्स-रेत प्रामुख्यानं कॅल्शियम दिसतं, आणि मेलेल्या हाडातलं कॅल्शियम सुरुवातीला जागेवरच असतं. म्हणून चित्र नॉर्मल येतं. एमआरआय हायड्रोजनकडून, म्हणजे मज्जेतल्या चरबी-पाण्याकडून संदेश घेतो. त्यामुळे बदल त्यात आधी दिसतो. आमच्या कामातही सर्व्हर पिंगला उत्तर देत असतो आणि आतली सेवा केव्हाच बंद पडलेली असते. हे मी रोज पाहतो. भावाच्या बाबतीत मात्र पिंगवरच विश्वास ठेवला.

नागपुरातल्या नव्या एक्स-रेत उजव्या खुब्याच्या डोक्यात चंद्रकोरीसारखी काळी रेघ होती. हाडाचा वरचा पापुद्रा खचायला लागल्याची ती खूण. डावा खुबा दुखत नव्हता, पण एमआरआयमध्ये तिथंही डाग होता. तो अजून खचलेला नव्हता. एवढंच आमच्या हाती उरलं होतं.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या वाकड्या पेशींचं वर्णन छापलं. जगाच्या पाठीवर हा आजार पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ आहे. गडचिरोलीत नाही. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंतचं तिचं उद्दिष्ट आहे. गावोगाव रक्त तपासणं हा तिचा गाभा, आणि मला तो पटतो. कारण यंत्र कितीही महाग असलं, तरी काय शोधायचं हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

नंतर मीही रक्त तपासलं. एएस, म्हणजे वाहक. त्रास काही नाही, पण लग्न ठरवताना पत्रिकेआधी हा कागद दाखवायचा, हे आईला सांगून ठेवलंय. आधी ती गप्प बसली. मग म्हणाली, "दाखव बाप्पा. लपवून का होणार हाय?"

भाऊ आता औषधं घेतो, भरपूर पाणी पितो, ओझं उचलत नाही. उजवा खुबा कधीतरी बदलावा लागेल. त्या पाच महिन्यांच्या चालण्याबद्दल तो मला कधीच बोलला नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाला, "तुला का माहीत होतं, दादा?"

गावातून अजूनही मला एक्स-रेचे फोटो येतात. "नॉर्मल आहे ना?" असं विचारतात. मी फोटो उघडतच नाही. आधी विचारतो, रक्त तपासलं का?