माझ्या हिश्श्यातली गांडुळं

अम्मी आधीच अल्लाहला प्यारी झाली होती. अब्बांच्या इंतकालानंतर उसाच्या पाच एकर रानाची वाटणी शरीअतप्रमाणे झाली. दोघा भावांना दोन-दोन एकर, मला एक. बहिणीने हिस्सा माफ करावा, असं नात्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी तो घेतला. मग ते रान पिकवून दाखवणंही माझ्यावर आलं.

ऊस तुटून गेला की आमच्याकडे पाचट पेटवतात. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, काडी लाव आणि मोकळी हो." मी पाचट सरीतच ठेवलं, कारण तो गांडुळांचा रिज्क आहे.

गांडुळाला डोळे नाहीत, दात नाहीत, फुप्फुसंही नाहीत. ओलसर कातडीतून ते श्वास घेतं, म्हणून उघड्या, तापलेल्या मातीत टिकत नाही. कुजका पाला मातीसकट गिळून ते पोटात दळतं. त्याच्या विष्ठेतलं नत्र आणि स्फुरद पिकाला सहज घेता येतं. त्याच्या बिळांतून पाणी खाली मुरतं, मुळांना हवा मिळते. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली या जिवावर अख्खं पुस्तक लिहिलं.

"गांडुळंच हवीत तर विकत आण," असंही मला सांगितलं गेलं. पण खतासाठी विकली जाणारी तांबडी गांडुळं शेणात आणि पाल्यात राहणारी. नुसत्या मातीत ती तग धरत नाहीत. रानातली गांडुळं वेगळी. सावली, ओल आणि खाणं मिळालं की ती आपली आपण वाढतात.

मोजायची रीत सोपी आहे. पावसानंतर वाफसा आला की फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, माती हाताने फोडत गांडुळं मोजावीत. पहिल्या पावसाळ्यात माझ्या रानात दोन निघाली, तिसऱ्या पावसाळ्यात अकरा. त्याच दिवशी बांधापलीकडे भावाच्या रानात खड्डा घेतला, तिथे एकच निघालं. तो काही बोलला नाही, पण या वर्षी त्याने अर्ध्या एकराचं पाचट राखलं आहे.

पेरलेल्यातलं पाखराने, जनावराने खाल्लं तरी तो सदका ठरतो, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मातीखालचा हा मुका जीवही त्यात येतो, असं मला वाटतं. जमीन ही अमानत आहे. उद्या हे एक एकर माझ्या मुलांत वाटलं जाईल. सातबाऱ्यावर गांडुळांची नोंद नसते, पण त्यांच्या वाट्याला जिवंत माती जावी, एवढी दुआ आहे.