सडक अर्जुनीहून

सडक अर्जुनी, सोमवार, रात्री

ती. आईस सा. न.

फोनवर तू ‘जेवलीस का’ एवढं विचारतेस आणि थेट बाबांच्या गुडघ्यावर जातेस, म्हणून लिहिते. जेवले. भात. सकाळीही भातच होता. भाकरी मागितली तर खानावळीतल्या काकूंनी काळजीनं विचारलं, “काहून जी, तब्येत बरी नाही का?” आज बारक्या मासोळ्यांचा लसूण घातलेला रस्सा होता. तीनदा वाढून घेतला. बाबांना कळवू नकोस.

थंडी भयंकर. गरम पाण्याची बादली वीस रुपयांना, आणि सातनंतर तीही नाही. खोली हायवेला लागून. रायपूर-नागपूर ट्रक रात्रभर उशाशी. हाच इंग्रजांचा ग्रेट ईस्टर्न रोड, मग सहा नंबर, आता ५३. गावाच्या नावातली सडक ती हीच. जिल्ह्यात दुसरी अर्जुनी आहे, मोरगावची, रेल्वेवाली. पार्सल पाठवशील तर पत्त्यात ‘सडक’ ठळक लिही.

मंगळवार

एका कचेरीत तलावांच्या जुन्या नोंदी मागायला गेले. साहेब डबा खात होते. अर्ज वाचला नाही, मोडी येते का विचारलं, येते म्हटल्यावर चिडले. “उद्या या.” उद्या सुट्टी आहे हे शिपायानं बाहेर सांगितलं. अजून डोकं तापलेलं आहे, विषय सोडते.

बुधवार, तलावाच्या पाळीवर बसून

शेंड्याच्या वाटेवरचं खेडं. घरं मोजकी, अंगणात शेणसडा, बांध्यांत धानाचे पुंजणे, चुरणं चालू. हायवे इथून फार लांब नाही, पण त्याचं कुणाला काही नाही. बोलणं तलावाचं: औंदा पाणी किती, उन्हाळी धान होईल का. असे तलाव इकडे कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधले. पुढे मालगुजार आले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. एक म्हातारे बाबा म्हणाले, “मालगुजार शिव्या देत होता, पण पाळीवर माती टाकायला लोकं बोलवत होता. सरकार शिवीबी देत नाही, मातीबी टाकत नाही.” मालगुजारांचा जुलूम मी वाचला आहे, तरी हसले. गाळ खरंच भरलाय, कडेनं बेशरमाची झुडपं माजलीत, ढिवरांच्या जाळ्यात पूर्वीसारखं काही येत नाही. मोरगावकडच्या ढिवर बायकांनी बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या, तिथे मासे परतले. इथल्या बायकांना विचारलं तर म्हणाल्या, “आधी धान विकू द्या जी.” खरेदी केंद्रावर पोत्यांची रांग लागली आहे, त्यांचं बरोबर आहे.

रात्री नाटक आहे, वडशाची कंपनी. गावोगावच्या मंडई-जत्रांचा मोसम दिवाळीला सुरू झाला तो अजून संपत नाही. पहाटेपर्यंत चालतं म्हणे. मला सोबत न्यायला तीन घरांतून निरोप आले. आपल्या सोसायटीत शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नाही आपल्याला.

गुरुवार

नवेगाव बांध पाहिला. मोठा आहे; बाकी मारुती चितमपल्लींनी लिहिलंय.

नाटक बघून डोळे चुरचुरतात, पाय गारठलेत, आणि भाताचा आता खरोखर कंटाळा आलाय. शनिवारी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरला उतरले की ज्वारीची भाकरी, पिठलं, बाकी काही नको. रंगवाल्याला माझ्या आधी पैसे देऊ नका, आणि बाबांना जिना चढू देऊ नकोस.

तुझी,
मंजू